बाबांच्या रिपोर्टात ‘एम बँड’ आणि आईने डाळ बंद केलीये

पत्र असं आलंय, थोडं कापून देते:

“मावशी, आम्ही सांगलीजवळ राहतो. बाबा 67 वर्षांचे, 14 वर्षं शुगर आहे, गोळ्यांवर कंट्रोल. मार्चमध्ये फुल बॉडी चेकअप केलं त्यात टोटल प्रोटीन 8.1, ग्लोब्युलिन 4.0 आलं म्हणून आमच्या डॉक्टरांनी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस सांगितलं, त्यात एम बँड 0.9 आला. दादा पुण्यात असतो, त्याने महिन्याभराने बाबांना तिकडे नेऊन दुसऱ्या लॅबमध्ये परत टेस्ट केली तर 10.4! एका महिन्यात दहापट. सोबत फ्री लाइट चेन केली, कप्पा 30.2, लॅम्बडा 16.1, रेशो 1.88 आणि पुढे ‘हाय’ लिहिलंय. हिमोग्लोबिन 12.4, क्रिएटिनिन 1.5, कॅल्शियम 9.4. दादाने गूगल केलं आणि रात्री साडेअकराला मला फोन करून सांगितलं की हा मायलोमा आहे, ब्लड कॅन्सर. बाबांना आम्ही ‘शुगरचीच टेस्ट होती’ असं सांगितलंय. आईला एवढंच कळलंय की रक्तात प्रोटीन वाढलंय, तिने डाळ, अंडी, दूध सगळं बंद केलंय, बाबा रोज ताटावर चिडतात. हिमॅटॉलॉजिस्टची, म्हणजे रक्तरोग तज्ज्ञाची, अपॉइंटमेंट 3 आठवड्यांनी आहे. तोवर काय करू? झोप लागत नाही.”

अगं, पहिल्यांदा दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेव आणि आकड्याकडे बघू नकोस, आकड्याच्या पुढे जे बारीक अक्षरात छापलंय ते वाच. पहिल्या लॅबने ग्रॅम पर डेसिलिटर लिहिलं असणार आणि दुसऱ्या लॅबने ग्रॅम पर लिटर. एका लिटरमध्ये 10 डेसिलिटर, म्हणजे तुझ्या दादाचे 10.4 हे पहिल्या लॅबच्या भाषेत 1.04 झाले. दहापट वगैरे काही वाढलेलं नाही, 0.9 चं 1.04 झालंय. मी हे इतक्या खात्रीने सांगतेय कारण एका महिन्यात एम बँड खरंच 0.9 वरून 10.4 ग्रॅम पर डेसिलिटर झाला असता तर टोटल प्रोटीन 8.1 च्या आसपास कसं राहिलं असतं, एकट्या बँडनेच ते ओलांडलं असतं ना. तरी स्वतः डोळ्यांनी बघून घे, आणि दादाला आजच फोन कर, साडेअकराची वाट बघू नकोस.

आता राहिला 0.9 आणि 1.04 मधला फरक. दोन वेगळ्या लॅब, दोन वेगळी मशीनं, आणि या टेस्टच्या ग्राफवर एम बँडचा डोंगर कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ती रेघ बऱ्याचदा माणूसच मारतो. मी 26 वर्षं तेच केलंय, बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, निदान मी करणार नाही, पण हा आकडा कागदावर कसा येतो ते मला माहितीये. मी एखादा बँड 0.9 मोजेन आणि शेजारची मॅडम 1.0 मोजेल, भांडण नाही त्यात. डॉक्टर लोक ‘वाढला’ म्हणायला किमान 25 टक्के वाढ आणि शिवाय 0.5 ग्रॅम पर डेसिलिटरची तरी वाढ धरतात. बाबांची 0.14 आहे, तीही लॅब बदलून. म्हणून इथून पुढे एकच लॅब धरा, पुण्याची धरा नाहीतर सांगलीची, पण एकच.

ही टेस्ट म्हणजे नक्की काय ते सांगते. रक्त गोठू देतात, वर जे पिवळसर पाणी राहतं ते सीरम. त्याचा एक थेंबसुद्धा नाही, त्याहून कमी, हाताच्या पंजाएवढ्या जेलवर एका कडेला लावायचा आणि करंट सोडायचा. सीरममधली प्रोटीनं आपापल्या विद्युतभाराप्रमाणे पळतात, अल्ब्युमिन सगळ्यात पुढे जातं, मागे अल्फा एक, अल्फा दोन, बीटा, आणि सगळ्यात रेंगाळत गॅमा. मग जेल रंगात बुडवायचं, आमच्याकडे अमिडो ब्लॅक असायचा, हातमोज्याला लागला तर जायचा नाही, आणि जास्तीचा रंग धुतला की निळ्याकाळ्या पट्ट्या उमटतात. नॉर्मल माणसाचा गॅमा भाग कसा दिसतो, तर ओल्या बोटाने शाई फरफटवल्यासारखा, पसरट, फिकट. कारण त्यात अँटीबॉडी असतात, आणि त्या हजारो तऱ्हेच्या, प्रत्येकीचा वेग जरा वेगळा. तुझ्या बाबांच्या जेलवर त्या फिकट डागात एक बारीक कडक रेघ दिसली असणार, जशी पेनाने ओढलेली. ती रेघ म्हणजे एम बँड. आता बऱ्याच ठिकाणी जेल गेलं, बारीक नळीतून सीरम पळवतात आणि थेट ग्राफ येतो, मग रेघेऐवजी टोकदार सुळका दिसतो, गोष्ट तीच.

ती रेघ का येते तर बोन मॅरोमधल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, प्लाझ्मा पेशी अँटीबॉडी बनवतात. इन्फेक्शन झालं, संधिवात असला, लिव्हरचा जुना आजार असला की सगळ्याच पेशी एकदम कामाला लागतात, मंडईत गलका वाढतो तसा, तेव्हा गॅमा भाग फुगतो पण पसरटच राहतो. त्याला पॉलिक्लोनल म्हणतात आणि त्याचा मायलोमाशी संबंध नाही. पण एकाच पेशीची पिल्लावळ वाढली तर त्या सगळ्या एकच अँटीबॉडी छापत बसतात, गलका नाही, एकच माणूस भोंगा लावून बसलाय. म्हणून रेघ कडक येते. यात प्रोटीन वाढलं ते जेवणातून आलेलं नाही हे आईला सांग, ते अंगातच तयार होतंय, वरणाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. वरणाकडे परत येते.

आता तो भोंगा लावून बसलेला कोण आणि त्याने काय नासधूस केलीये, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एम बँडच्या आकड्यात दोन्हीचं उत्तर नाही. दादा गूगलवर जिथे अडखळला ते इथेच, त्याने ‘एम बँड’ टाकलं आणि पहिला रिझल्ट मायलोमाचा आला, झालं.

कोण, हे इम्युनोफिक्सेशनने कळतं. ती टेस्ट तुझ्या पत्रात कुठेच नाहीये, म्हणजे बहुतेक अजून झालेली नाही, आणि रिपोर्टच्या तळाशी ‘सजेस्टेड’ असं काहीतरी लिहिलेलं असेल ते तेच. त्यात तेच सीरम सहा ओळींत पळवतात, पहिल्या ओळीत सगळंच रंगतं आणि बाकीच्या पाच ओळींवर आयजीजी, आयजीए, आयजीएम हे अँटीबॉडीचे प्रकार आणि कप्पा, लॅम्बडा या त्यांच्या हलक्या साखळ्या, यांना पकडणारी औषधं घालतात. समजा रेघ आयजीजीच्या ओळीत आणि कप्पाच्या ओळीत अगदी एकाच उंचीवर उमटली तर बाबांचं प्रोटीन आयजीजी कप्पा. हे नुसतं नाव नाहीये, पुढची दिशा यावर ठरते, आयजीएम निघालं तर डॉक्टर साध्या मायलोमापेक्षा वाल्डेनस्ट्रॉम नावाच्या वेगळ्या आजाराच्या अंगाने विचार करतात. अपॉइंटमेंटच्या आधी डॉक्टरांच्या क्लिनिकला फोन करून विचार की इम्युनोफिक्सेशन आधीच करून आणू का, तिथे गेल्यावर सांगितलं तर एक फेरी वाढते.

इम्युनोफिक्सेशनचा मला इतका आग्रह का ते एका प्रसंगाने सांगते. मी नवी होते, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, नाव नको. बीटा आणि गॅमाच्या मधोमध एक सुंदर कडक रेघ आली, मी खुश, पहिलाच एम बँड मी पकडला म्हणून. रिपोर्ट गेला, पेशंटच्या घरी रडारड. दोन दिवसांनी आमच्या सिनियरनी ट्यूब मागवली तर ती हिरव्या झाकणाची, हेपरिनची! म्हणजे रक्त गोठलंच नव्हतं, आणि गोठलं नाही की फिब्रिनोजेन तसंच राहतं आणि ते बरोबर त्याच जागी रेघ मारतं. इम्युनोफिक्सेशन केलं, पाचही ओळींत कुठेच कडक रेघ नाही. त्या बाई मला भेटायला आल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. बाबांच्या बाबतीत दोन लॅबमध्ये दोनदा जवळपास तेवढीच रेघ आलीये त्यामुळे असा घोटाळा वाटत नाही, पण ओळख पटल्याशिवाय नाव घ्यायचं नाही हे मी तेव्हापासून शिकले.

फ्री लाइट चेन. प्रत्येक अँटीबॉडीला दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या, हलकी एक तर कप्पा नाहीतर लॅम्बडा. कारखान्यात हलक्या थोड्या जास्तच बनतात आणि सुट्या रक्तात फिरतात, त्या मोजायच्या. रेशो नॉर्मल 0.26 ते 1.65, बाबांचा 1.88, म्हणून कॉम्प्युटरने ‘हाय’ ठोकलं. पण कॉम्प्युटरने क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीये ते सांगणारा आकडा, बघितलं नाही गं. या सुट्या साखळ्या किडनी बाहेर काढते, कप्पा लहान असते म्हणून पटकन निघते, लॅम्बडा जोडीजोडीने फिरते म्हणून सावकाश. किडनी थकली की कप्पाही रेंगाळते आणि रेशो आपोआप वर सरकतो. म्हणून किडनीचं काम कमी झालेल्यांसाठी 0.37 ते 3.1 अशी वेगळी रेंज वापरायची पद्धत आहे आणि त्यात 1.88 आरामात बसतो. मायलोमा ठरवताना ज्या रेशोला डॉक्टर दचकतात तो 100 किंवा वर, आणि 1.88 कुठे. फक्त एक, ही टेस्टपण वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर वेगळी येते, म्हणून परत तेच, एक लॅब.

मग काळजीचं काहीच नाही का? आहे, आणि ते मी लपवणार नाही. मला तुझ्या पत्रात एम बँडपेक्षा क्रिएटिनिन 1.5 जास्त टोचलं. 14 वर्षांच्या शुगरने किडनी अशी होऊ शकते, बहुतेक तेच असेल, पण ‘बहुतेक’वर सोडायचं नाही, कारण काही जणांत एम बँड छोटा असूनही त्या हलक्या साखळ्या किडनीत जाऊन अडकतात. यातलं कुठलं आहे ते ओळखायला लघवी मदत करते. शुगरने खराब झालेली किडनी अल्ब्युमिन लघवीत सोडते. साखळ्यांनी खराब केली असेल तर लघवीत अल्ब्युमिन फार नसतं पण साखळ्या भरपूर असतात, आणि गंमत अशी की साधी लघवीची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिनच ओळखते, साखळ्या तिला दिसतच नाहीत, पट्टी ‘निल’ म्हणते आणि आपण खुश. म्हणून डॉक्टर लघवीतलं अल्ब्युमिन वेगळं मोजतील आणि 24 तासांची लघवी इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवायला सांगतील. ती गोळा करताना अर्धे लोक चुकतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची, नंतर दिवसभर रात्रभर प्रत्येक वेळेची कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी कॅनमध्ये धरायची. एकदा जरी बाथरूमला गेले आणि कॅन विसरले तर खोटं बोलायचं नाही, लॅबला सांगायचं, परत करायची.

या साखळ्यांची गोष्ट फार जुनी आहे. 1845 साली लंडनमधल्या एका पेशंटची लघवी डॉक्टरांनी उकळली तर ती गढूळ व्हायची, नायट्रिक ॲसिड घातलं की स्वच्छ आणि थंड झाली की घट्ट, कुणालाच काही कळेना. त्यांनी ट्यूब हेन्री बेन्स जोन्स नावाच्या केमिस्ट डॉक्टरकडे पाठवली, सोबत चिठ्ठी, की हे आहे तरी काय. ते म्हणजे हलक्या साखळ्या हे नीट सिद्ध व्हायला 1962 उजाडलं. अजूनही लॅबच्या यादीत ‘बेन्स जोन्स प्रोटीन’ दिसेल, दचकू नको, तेच ते.

नासधूस झालीये का, हे बघायला डॉक्टर चार ठिकाणी हात लावतील, कॅल्शियम, किडनी, हिमोग्लोबिन आणि हाडं. कॅल्शियम 9.4 मस्त आहे. हिमोग्लोबिन 12.4 जरा कमी, पण 67 वर्षांचा शुगरवाला माणूस, किडनीही जरा थकलेली, त्यात बी 12 कमी असू शकतं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर आणखी शक्यता, ते तपासून घ्या. हाडांचं तू काहीच लिहिलं नाहीस, दुखतंय का ते बाबांना विचारलंयस का? लागलं तर ते कमी डोसचा पूर्ण अंगाचा सीटी करतात. बोन मॅरोची तपासणी लगेच करायचीच असं नाही. बँड 1.5 च्या आत, आयजीजी निघाला, रेशो ठीक आणि बाकी सगळं शांत असेल तर कित्येक डॉक्टर थांबतात. बाबांच्या किडनीमुळे कदाचित करू म्हणतील, तर करा, मागून कंबरेच्या हाडाला भूल देऊन करतात, अर्ध्या तासाचं काम.

हे सगळं नीट निघालं, बँड 3 च्या खाली आणि मॅरोत प्लाझ्मा पेशी 10 टक्क्यांच्या आत, तर त्याला एमगस म्हणतात, पूर्ण नाव लांबलचक आहे, अर्थ एवढाच की असं प्रोटीन आहे ज्याचं पुढे काय होईल ते आज ठरवता येत नाही. हे नाव 1978 मध्ये अमेरिकेत मिनेसोटामधल्या मेयो क्लिनिकचे रॉबर्ट काइल यांनी दिलं, आणि त्यांनीच पुढे तिथल्याच एका काउंटीतल्या 50 च्या वरच्या लोकांचं रक्त तपासलं तर शंभरात 3 जणांना ते सापडलं, 70 च्या वर 5 जणांना. ती सगळी माणसं काही आजारी म्हणून आलेली नव्हती. यातून मायलोमा किंवा तशा आजाराकडे जायचं प्रमाण वर्षाला साधारण शंभरात एक. कमी नाही म्हणत मी, पण उरलेल्या 99 जणांचं त्या वर्षात काही झालेलं नसतं, आणि एमगसला औषध देत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात, साधारण 6 महिन्यांनी परत टेस्ट आणि मग डॉक्टर ठरवतील तसं. तुझा दादा म्हणेल ‘औषध नाही म्हणजे काय’, तर म्हणजे अजून गरज नाही.

या 3 आठवड्यांत काय. गुडघा कंबर दुखली की डायक्लोफिनॅक वगैरे गोळी मेडिकलमधून आणायची सवय असेल तर बंद, किडनीला ते आत्ता नको, पॅरासिटामॉल चालेल का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. कुणी कॉन्ट्रास्टचा सीटी सुचवला तर आधी क्रिएटिनिन दाखवायचं. कंबर किंवा पाठ अशी दुखायला लागली की पडून राहिलं तरी थांबत नाही, पायातला जोर गेला, लघवी अडली, तर 3 आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. फार तहान, बद्धकोष्ठ आणि त्यात बडबड, गोंधळल्यासारखं झालं तरी तेच. बाकी काही नसेल तर आहे ती अपॉइंटमेंट ठीक आहे, मुंबईला टाटात धावायची आज गरज दिसत नाही. जाताना मार्चचा चेकअप, दोन्ही इलेक्ट्रोफोरेसिस आणि त्यांचे ग्राफची पानं पण घेऊन जा, लोक आकड्यांचं पान नेतात आणि ग्राफ घरी ठेवतात, डॉक्टरला ग्राफच बघायचा असतो. घरात 2-3 वर्षांपूर्वीचे कुठले रिपोर्ट असतील, ज्यात टोटल प्रोटीन आणि क्रिएटिनिन आहे, ते शोध. तेव्हाही ग्लोब्युलिन असंच असेल तर या एका कागदाने डॉक्टरांचं निम्मं काम होईल. आपल्याकडे ते गादीखाली नाहीतर देवघराच्या खणात सापडतात.

आणि बाबा. शुगरची टेस्ट म्हणून पुण्याला नेलं, हातातून दोनदा रक्त काढलं, आता हिमॅटॉलॉजिस्टच्या दारात ‘रक्तरोग व कर्करोग तज्ज्ञ’ अशी पाटी वाचणार ते, आणि तुमच्या तिघांची तोंडं बघणार. त्या पाटीखाली त्यांना कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे. चहा झाल्यावर सांग, की बाबा, रक्तात एक प्रोटीन जरा वेगळं दिसलंय, तुमच्या वयात बऱ्याच जणांना सापडतं, ते काय आहे ते अजून ठरायचंय, किडनीचं पण बघायचंय, डॉक्टरकडे जायचंय आणि 24 तास लघवी गोळा करायचीये. कॅन्सर का असं विचारलं तर ‘ते नाही ना हेच बघायला चाललोय’ म्हण, नाही म्हणू नकोस आणि हो पण म्हणू नकोस, कारण दोन्ही आज खरं नाही. कॅन प्रत्येक वेळी बाथरूमला त्यांनाच न्यायचाय, खोटं सांगून ते होणारच नाही.

आईला म्हणावं कुकरला वरण लाव. किडनीसाठी प्रोटीन किती ते डॉक्टर किंवा डाएटिशियन सांगतील, ढीगभर नको, पण एक वाटी वरण आणि त्यांचं रोजचं अंडं बंद करून एम बँड एक रेघही कमी होणार नाही, बाबांचं वजन तेवढं उतरेल आणि मग ते वजन कशाने उतरलं म्हणून आणखी एक टेस्ट लागेल.